सीओपीडीचं निदान लवकर झालंय? पहिल्या वर्षात काय करायचं

रिपोर्टवर 'सीओपीडी' (फुप्फुसांतल्या श्वासनलिकांचा कायमचा आजार) ही अक्षरं वाचली की बहुतेक जण त्याच रात्री मोबाइल घेऊन शोधाशोध करतात. समोर येतात नाकात नळ्या घातलेल्या, सिलिंडर सोबत घेऊन फिरणाऱ्या माणसांचे फोटो. मीही ते पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून जिने चढणं बंद केलं. दम लागू दिला नाही तर फुप्फुसं टिकतील, असा माझा हिशोब. जड पिशव्या मुलाने उचलायच्या, फिरायला जाणं बंद, बराच वेळ खुर्चीत. वर्षभराने फुंकण्याची तपासणी पुन्हा झाली, तेव्हा आकडा जवळपास होता तिथेच होता. पण जो जिना आधी एका दमात चढत होतो, तिथे आता अर्ध्यावर कठडा धरून थांबावं लागत होतं. वर्षभरात फुप्फुसांनी फारसं काही गमावलं नव्हतं. गमावलं होतं ते पायांनी.

ज्यांचं निदान नुकतंच आणि वेळेत झालंय, त्यांचं वर्ष असं जाऊ नये म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं या आजारासोबत राहणारा पेशंट आहे. कुठलं औषध, किती, कधी, हे तुमच्या छातीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण औषधाच्या चिठ्ठीवर न मावणारं बरंच काही असतं आणि ते पहिल्या काही महिन्यांतच कळलेलं बरं.

पायरी १ : रिपोर्ट नीट वाचून घ्या

सीओपीडी म्हणजे श्वासनलिकांमधला कायमचा अडथळा. त्याचं निदान एक्स-रेवर किंवा नुसती छाती तपासून पक्कं होत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री लागते, म्हणजे छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जितक्या जोरात, जितका वेळ जमेल तितकं फुंकायचं. रिपोर्टवरचे दोन आकडे महत्त्वाचे. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडली ती एफईव्ही-१. पूर्ण फुंकून झाल्यावर एकूण जेवढी बाहेर पडली ती एफव्हीसी. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन झाल्यावरही हा भागाकार ०.७० च्या खाली असेल, तर अडथळा आहे असं धरतात.

फुप्फुसात मावणारी हवा मोजायचं यंत्र जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये लोकांपुढे ठेवलं. पण ती हवा किती वेगाने बाहेर येते हे घड्याळ लावून मोजायची पद्धत फ्रान्समध्ये रॉबर्ट टिफनो यांनी मांडली ती १९४७ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. आपल्या आजारात सगळा प्रश्न वेगाचाच आहे. हवा आत जाते, पण बाहेर यायला फार वेळ घेते.

अडथळा किती आहे, हे एफईव्ही-१ च्या टक्केवारीवरून ठरतं. तुमच्या वयाच्या, उंचीच्या, लिंगाच्या निरोगी माणसाकडून जेवढी अपेक्षा असते, त्याच्या किती टक्के तुम्हाला जमलं? ८० किंवा जास्त म्हणजे सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र, ३० च्या खाली अतितीव्र. माझा पहिला आकडा ७४ होता आणि मी तो 'फुप्फुसांचा चौथा भाग मेला' असा वाचला. तसा त्याचा अर्थ नाही. सारखाच आकडा असलेल्या दोघांपैकी एक जण रोज तासभर चालतो आणि दुसऱ्याला अंघोळीनंतर बसावं लागतं, असं सर्रास दिसतं. म्हणून डॉक्टर आकड्यासोबत दमाची पायरीही विचारतात. फक्त खूप मेहनत केल्यावर दम लागतो का, भराभर चालताना किंवा चढावर लागतो का, सपाट रस्त्यावर बरोबरीच्या लोकांच्या मागे पडता का, शंभर मीटरवर थांबावं लागतं का, की कपडे बदलतानाही धाप लागते? यातली तुमची पायरी आजच तारखेसह वहीत लिहून ठेवा.

या टप्प्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला संकोच करू नका. तपासणी औषध दिल्यानंतरची होती का? भागाकार ०.६० ते ०.८० च्या दरम्यान आला असेल, तर दुसऱ्या एखाद्या दिवशी तपासणी पुन्हा करून घ्यावी का? हा आकडा थोडा वरखाली होत असतो, आणि वय वाढलं की निरोगी माणसातही तो हळूहळू उतरतो, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. तिसरं, अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची रक्ततपासणी. काही लोकांच्या शरीरात जन्मतःच हे संरक्षक प्रथिन कमी असतं. सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी आयुष्यात एकदा व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तुमचं वय कमी असेल किंवा घरात आणखी कुणाला हा आजार असेल, तर ती टाळू नकाच.

पायरी २ : आत काय होतंय ते समजून घ्या

छाती म्हणजे भाता. निरोगी भात्यातून हवा सहज बाहेर जाते, कारण फुप्फुसं लवचिक असतात आणि आपणहून आकसतात. आपल्या आजारात नळ्यांच्या आतली बाजू सुजलेली आणि कफाने भरलेली असते, काही जागी टोकाच्या हवेच्या पिशव्या फाटून सैल झालेल्या असतात. त्यामुळे श्वास सोडताना नळ्या लवकर मिटतात आणि थोडी हवा आतच अडकते. भराभर श्वास घेतला की ती आणखी साचते. भरलेल्या भात्यात नवी हवा घ्यायला जागाच उरत नाही, आणि आपल्याला वाटतं की 'श्वास आत जातच नाहीये'. खरी अडचण बाहेर सोडण्यात आहे. ही एक गोष्ट पटली की पुढच्या निम्म्या पायऱ्या आपोआप समजतात.

पायरी ३ : धूर थांबवा

सिगारेट-विडी चालू असेल तर बाकी सगळं यानंतर. अमेरिका आणि कॅनडात सौम्य अडथळा असलेल्या, म्हणजे तुमच्यासारख्याच टप्प्यावरच्या जवळपास सहा हजार धूम्रपान करणाऱ्यांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. ११ वर्षांनंतर दिसलं ते असं : सुरुवातीलाच सोडून पुन्हा न ओढलेल्या पुरुषांचा एफईव्ही-१ वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने उतरला, आणि ओढत राहिलेल्यांचा सुमारे ६६ ने. वयाप्रमाणे निरोगी माणसाचाही आकडा साधारण ३० च्या आसपास घसरतच असतो. म्हणजे गेलेलं परत येत नाही, पण घसरण जवळपास सगळ्यांसारखी होऊ शकते. कोणत्याही औषधाने याच्या तोडीचा फरक पडल्याचं मला माहीत नाही.

नुसत्या निर्धारावर सोडायला जाऊ नका. मी तीनदा तसंच केलं आणि तिन्ही वेळा हरलो. चौथ्या वेळी डॉक्टरांकडून निकोटिनचे पॅच आणि च्युइंगगम घेतले, आठवड्याला एकदा समुपदेशकाशी बोललो, तेव्हा सुटली. व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्याही आहेत. सोडल्यानंतर काही आठवडे खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटू शकतो. नळ्यांतले बारीक केस पुन्हा कामाला लागून घाण वर ढकलतात, म्हणून तसं होतं. तेवढ्यावरून 'ओढत होतो तेव्हाच बरं होतं' असं ठरवू नका.

ज्यांनी आयुष्यात कधी ओढलं नाही त्यांनाही हा आजार होतो. चुलीतल्या लाकूड-कोळशाचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, रसायनांची वाफ, वेल्डिंगचा धूर, लहानपणी वारंवार झालेला न्यूमोनिया, जुना दमा अशी अनेक कारणं असतात. तुमचं कारण यातलं असेल तर ते अजून चालू आहे का, हे पाहा. स्वयंपाकाच्या जागी हवा खेळती करा, कामावर योग्य मास्क मागा, जमत असेल तर काम बदलून मागा. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या सिगारेटचा धूरही धूरच असतो.

आणि अपराधीपणाबद्दल. ओढणाऱ्यांना तो छळतो, न ओढणाऱ्यांना 'तुम्ही ओढत असाल' हे ऐकून संताप येतो. आजार कसा झाला हे डॉक्टरांना पूर्ण खरं सांगा. बाकी कुणाला त्याचा जाब द्यायचं बंधन तुमच्यावर नाही.

पायरी ४ : पंप मारायला शिका, आणि पुन्हा शिका

'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' हे तुम्हाला जवळचेच लोक सांगतील. सवय लागत नाही. शेवटचा तर तो मुळीच नाही, पहिला उपाय आहे, कारण औषध थेट नळ्यांत पोचतं. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे वीस ते चाळीसपट. गोळी पोटातून रक्तात जाऊन सगळीकडे फिरते, त्यामुळे हात थरथरणं आणि धडधड जास्त.

आधी हे स्पष्ट करून घ्या की तुमच्याकडचा कोणता पंप कधीचा आहे. एक असतो ऐनवेळचा. तो काही मिनिटांत दम हलका करतो आणि चार-सहा तास पुरतो. दुसरा रोजचा. टायोट्रोपियमसारखा दिवसातून एकदा किंवा फॉर्मोटेरॉलसारखा दोनदा घ्यायचा, बरं वाटत असलं तरी. रोजच्या औषधाचा फरक लगेच जाणवत नाही म्हणून लोक ते सोडतात आणि ऐनवेळचं दिवसातून सहादा मारतात. नेमकं उलट व्हायला हवं. ऐनवेळच्या पंपाची गरज वाढत चालली असेल, तर तो डॉक्टरांना फोन करायचा इशारा आहे.

आता पद्धत. दाबून फवारा येणारा पंप असेल तर :

१. टोपण काढा, तोंडाकडच्या भागात काही अडकलेलं नाही ना ते पाहा, पंप चांगला हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरलेला नसेल, तर माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे आधी हवेत फवारे सोडा.
२. ताठ बसा किंवा उभे राहा. पंपापासून तोंड बाजूला ठेवून श्वास पूर्ण सोडा. सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारी पायरी हीच.
३. ओठ घट्ट मिटून नळी तोंडात धरा. श्वास हळू आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी एकदाच दाबा.
४. तीन ते पाच सेकंद हळू, खोल श्वास घेत राहा.
५. पंप काढा, तोंड मिटा, दहा सेकंद किंवा जमेल तितका वेळ श्वास रोखा. मग सावकाश सोडा.
६. दुसरा फवारा सांगितला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून, सगळं पहिल्यापासून.

दाबणं आणि श्वास घेणं एकत्र जुळत नसेल तर स्पेसर घ्या. खरं तर जुळतंय असं वाटत असलं तरी घ्या. फवारा आधी त्या पोकळ नळकांड्यात जातो, घशावर आदळत नाही आणि छातीत जास्त पोचतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवा, पण फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या. पुसल्याने प्लॅस्टिकवर विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

पावडरच्या कॅप्सूलचं किंवा चकतीचं यंत्र असेल तर मात्र नियम उलटा. तिथे फवारा ढकलणारा गॅस नसतो, तुमचा श्वासच पावडर ओढतो. म्हणून श्वास जोरात आणि खोल ओढायचा, आणि यंत्रात चुकूनही फुंकायचं नाही, नाहीतर पावडर ओली होऊन चिकटते. एक पंप फवाऱ्याचा आणि एक पावडरचा असेल तर गोंधळ हमखास होतो. माझा झाला होता. आठ महिने मी पावडर अलगद, हळूहळू ओढत होतो. मला ती पद्धत कुणी दाखवली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. दोन्ही औषधांसाठी एकाच प्रकारचं यंत्र मिळेल का, हे जरूर विचारा.

आणखी दोन गोष्टी. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर पाण्याने चूळ भरून ती थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. आणि मोजणीचा आकडा बघत जा. २०० फवाऱ्यांचा पंप २०० नंतरही 'फुस्स' करतो, पण त्यात औषध असेलच असं नाही.

पायरी ५ : श्वास सोडायला शिका

नाकाने दोन मोजेपर्यंत सावकाश श्वास घ्या. मग शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार मोजेपर्यंत सोडा. जोर लावून फुंकायचं नाही. समोर मेणबत्ती असेल तर ज्योत हलावी, विझू नये. ओठ आवळल्यामुळे नळ्यांमध्ये थोडा दाब राहतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळतो.

हे दम लागल्यावर पहिल्यांदा करायला जाल तर जमणार नाही. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं, निवांत बसलेले असताना करा. महिनाभरात ओठ आपोआप तसे होतात. मग कामाला जोडा : वाकताना, उचलताना, उठताना, पायरी चढताना, म्हणजे जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा. बहुतेक लोक नेमके त्याच क्षणी श्वास धरून ठेवतात.

धाप लागलीच तर पुढे झुका. बसला असाल तर कोपर मांड्यांवर, उभे असाल तर हात कठड्यावर किंवा टेबलावर. हातांना आधार मिळाला की मानेचे आणि खांद्यांचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेतल्यानेही दमाची जाणीव कमी होते. हा फक्त मनाचा खेळ नाही, त्यावर अभ्यास झालेत.

भीतीचं चक्र ओळखा. दम लागला की घाबरायला होतं, घाबरलं की श्वास भराभर होतो, भराभर श्वासाने हवा आणखी साचते आणि दम वाढतो. या चक्रात तुमच्या हातात असलेली एकच जागा म्हणजे श्वास सोडण्याचा वेग. आणि चालताना, चढताना लागलेल्या दमाने फुप्फुसांना इजा होत नाही. तो त्रासदायक असतो, पण नुकसान करणारा नसतो. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझं ते वर्ष वाचलं असतं.

पायरी ६ : चाला

न वापरलेले स्नायू लवकर थकतात. थकलेला स्नायू थोड्याच कामात आम्ल तयार करायला लागतो, आणि ते आम्ल बाहेर टाकायला शरीर जास्त श्वास मागतं. पाय मजबूत असले तर तेच अंतर कमी श्वासात कापलं जातं. फुप्फुसं होती तशीच राहून दम कमी होण्याचा हा मार्ग आहे.

तुमच्या आवाक्यात पल्मनरी रिहॅबिलिटेशनचा कार्यक्रम असेल, तर डॉक्टरांकडून त्याची चिठ्ठी मागून घ्या. ते स्वतःहून सांगतील याची वाट बघू नका. 'अजून तेवढं वाईट नाही' असं उत्तर आलं, तर सांगा की दम लागतोय म्हणूनच हवंय. साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा देखरेखीखाली चालणं, सायकल, हातापायांचे व्यायाम आणि आजाराची माहिती असं त्याचं स्वरूप असतं. सुरुवातीला आणि शेवटी सहा मिनिटांत किती मीटर चालता ते मोजतात. ३० मीटरची वाढ झाली तरी रोजच्या जगण्यात फरक कळतो.

कार्यक्रम मिळत नसेल तर डॉक्टरांना विचारून घरीच सुरू करा, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाही. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर दहा मिनिटं. सलग जमत नसेल तर दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं. दमाला शून्य ते दहा गुण द्या. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त सहनच होणार नाही. तीन-चारच्या आसपास राहायचं. छोटी वाक्यं बोलता यावीत, पण गाणं म्हणता येऊ नये. दोनच्या खाली असाल तर वेग वाढवा, सहाच्या वर गेलात तर थांबा, झुका, ओठांनी सोडा, पुन्हा निघा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्या. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धडधड थांबेना, तर तो दिवस तिथेच संपवा आणि डॉक्टरांना कळवा.

चालण्यासोबत आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. सगळ्यात सोपा म्हणजे हात न टेकवता खुर्चीतून उठणं-बसणं, उठताना श्वास सोडत. मी पाचवर सुरू केलं होतं. डॉक्टरांनी ऐनवेळचा पंप व्यायामाआधी घ्यायला सांगितला असेल तर निघण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्या.

पायरी ७ : लसी

फ्लूची दरवर्षी, न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, कोविडची, आणि वयानुसार आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू), डांग्या खोकला आणि नागीण यांच्या लसींबद्दल विचारा. पुढच्या भेटीतच हा विषय संपवून टाका.

पायरी ८ : बिघडलेल्या दिवसांची तयारी आधीच करा

या आजारात माणूस हळूहळू खालावतो असं आपण धरून चालतो. पण बऱ्याचदा मोठी घसरण होते ती अचानक बिघडण्याच्या काळात, आणि त्यातलं काही पुढे भरून येत नाही. म्हणून बिघाड लवकर ओळखणं फार मोलाचं.

त्यासाठी आधी आपला 'नेहमीचा' दिवस माहीत हवा. रोज किती खोकला येतो, बेडका किती आणि कोणत्या रंगाचा, नेहमीच्या वाटेवर दम कुठे लागतो? आठवडाभर हे वहीत लिहा. मग तीन बदलांवर लक्ष ठेवा : दम नेहमीपेक्षा वाढणं, कफाचं प्रमाण वाढणं, कफ पिवळा-हिरवा, दाट होणं. दोन दिवस यातलं काही टिकलं तर 'थोडी सर्दी आहे, बसेल' असं म्हणू नका, फोन करा.

फोन कुणाला, हे मात्र बरं असतानाच ठरवा. डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या : ऐनवेळचा पंप किती वेळा वाढवायचा, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक घरी ठेवायचं का, कधी सुरू करायचं, सुट्टीच्या दिवशी कुठे जायचं. अशा वेळी स्टेरॉइडचा कोर्स सहसा पाच दिवसांचा असतो. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका आणि लांबवूही नका.

बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल, बोलण्यात गोंधळ असेल, छातीत दुखत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, पंप घेऊनही दम उतरत नसेल, तर वाट न पाहता थेट हॉस्पिटल. ही लक्षणं घरातल्यांनाही पाठ हवीत, कारण गुंगीत असलेल्या माणसाला स्वतःची गुंगी कळत नाही.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बहुतेक जण लगेच घेतात. घ्या, पण दिवसातून वीसदा बघू नका. बोट गार असेल, नेलपॉलिश असेल तर ते चुकतं. गडद त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्तही दाखवू शकतं. बरं असतानाचा आपला आकडा माहीत असावा, एवढ्यापुरतं ते कामाचं आहे. दम लागणं आणि ऑक्सिजन कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपूर दम लागत असताना आकडा ९६ असू शकतो, कारण दम साचलेल्या हवेमुळे लागतो.

घरच्या ऑक्सिजनची भीतीही इथेच काढून टाकू. विश्रांतीतही पातळी कायम ८८ टक्के किंवा त्याहून खाली राहणाऱ्यांना तो दिवसातले किमान १५ तास दिला तर आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत दिसलं. ८९ ते ९३ च्या आसपास असणाऱ्यांना त्याचा तसा फायदा झाला नाही, हे २०१६ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीतून कळलं. तेव्हा 'खबरदारी म्हणून' यंत्र घरात आणून ठेवू नका. सीओपीडीमध्ये गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन घातकही ठरू शकतो. म्हणून हॉस्पिटलमध्ये भरती व्हायची वेळ आली, तर तुम्हाला सीओपीडी आहे हे तिथे सगळ्यात आधी सांगा.

पायरी ९ : घरच्यांशी बोला, आणि स्वतःशीही

माझ्या बायकोने प्रेमाने सगळी कामं माझ्या हातातून काढून घेतली होती. पहिल्या वर्षी पाय गेले त्यात या मायेचाही वाटा होता. नंतर आम्ही बसून ठरवलं : काम माझंच, वेळ मात्र दुप्पट. मी थांबलो तर तिने जवळ यायचं, पण मी मागितल्याशिवाय हातातलं घ्यायचं नाही. अशी बोलणी तुमच्याकडेही लवकर होऊ द्या. नोकरीच्या ठिकाणी किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. धूळ-धुराचं काम असेल तर सांगावंच लागेल.

मन खचणं या आजारात इतकं नेहमीचं आहे की डॉक्टरांनी ते दर भेटीत विचारायला हवं. ते विचारत नसतील तर तुम्ही सांगा. झोप उडाली, कशातच रस वाटेना, बाहेर पडायची भीती बसली, आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर त्यावर उपचार आहेत. ते घेतल्याने श्वासाचे उपचारही नीट पाळले जातात. शरीरसंबंधांबद्दलही विचारता येतं. दम लागतो म्हणून जोडपी मुकाट्याने दूर होतात. आधी घेतलेला पंप आणि छातीवर भार न येणारी स्थिती एवढ्यानेच बऱ्याचदा प्रश्न सुटतो.

राहिलेल्या गोष्टी

पोट गच्च भरलं की छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो आणि दम वाढतो, म्हणून थोडं थोडं, जास्त वेळा खा. न ठरवता वजन उतरत असेल तर ते चांगलं लक्षण नाही, स्नायू झिजत असतात. ते लगेच सांगा. विमानात केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तसा असतो. सौम्य आजारात सहसा अडचण येत नाही, तरी पहिल्या प्रवासाआधी विचारून घ्या, आणि पंप हातातल्या बॅगेत ठेवा.

'फुप्फुसं धुऊन काढणारी' पेयं, पावडरी, लाखोंचे स्टेम सेलचे उपचार तुमच्यापर्यंत पोचतीलच, कारण घाबरलेला माणूस सापडायला सोपा असतो. फाटलेल्या हवेच्या पिशव्या पुन्हा उगवतील असं कोणतंही सिद्ध झालेलं औषध आज नाही. तेच पैसे चांगले बूट, स्पेसर आणि रिहॅबिलिटेशनवर लावा.

पुढच्या भेटीला जाताना

वही घ्या. त्यात दमाची पायरी, चालण्याची मिनिटं, ऐनवेळचा पंप आठवड्यात किती वेळा लागला आणि मागच्या भेटीनंतर किती वेळा बिघडलं, एवढं असू द्या. जुना स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट घ्या, म्हणजे नवा त्याच्या शेजारी ठेवून पाहता येईल. तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. हृदय, हाडं आणि पूर्वी ओढत असाल तर फुप्फुसाच्या कर्करोगाची तपासणी यांबद्दल विचारा. आणि सगळे पंप सोबत न्या, रिकामे झालेलेसुद्धा. 'पंप घेता ना?' या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळे होऊ नका. डॉक्टरांसमोर किंवा सिस्टरसमोर टोपण काढा, श्वास पूर्ण सोडा आणि एकदा घेऊन दाखवा.